मदत हवी आहे: अप्पांना गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचंय, मणिकरण की कोकण? लवकर सांगा

विजापूरवेस:
नमस्कार. आमच्या अप्पांचे गुडघे पार गेलेत. आयुष्यभर कारखान्यात उभं राहून माग चालवले, त्याचं हे फळ. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की हिमाचलात मणिकरणच्या कुंडात आठवडाभर बसलं की गुडघे मोकळे होतात. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मामा म्हणतात खर्चाचं मी बघतो, पण मला तिकडची शेती दाखव. बायको म्हणते एवढं लांब कशाला, कोकणातही गरम पाण्याचे झरे आहेत. गड्डा संपला की निघायचंय. तिकीट आज-उद्यात काढलं नाही तर मिळणार नाही. त्यामुळे फाटे न फोडता सांगा, मणिकरण की कोकण? कोकण असेल तर गाव कुठलं? आणि त्या पाण्याने खरंच गुण येतो का?

पश्चिमवारा:
अप्पांचं वय? किती चालू शकतात? जिने चढतात का? तुम्ही किती जण? आणि गड्डा संपला की म्हणजे नक्की कधी?

कडकभाकरी:
गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा ओ, संक्रांतीची. नंदीध्वज, अक्षता, होम झाला तरी मैदानावरचे पाळणे आणि दुकानं पुढे बरेच दिवस असतात. म्हणजे हे लोक जानेवारी अखेरीस निघणार. त्या दिवसांत मणिकरणच्या पार्वती खोऱ्यात कडाक्याची थंडी असते. सोलापूरच्या माणसाला आपल्याकडचा डिसेंबर सोसवत नाही. विजापूरवेस, जरा विचार करा.

देवभूमी_भटका:
थंडीचं उगाच घाबरवू नका. थंडीतच त्या पाण्याची खरी मजा आहे. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट नवी दिल्लीला जाते. तिथून रात्रीची बस पकडा, सकाळी भुंतर. पार्वती नदी बियासला मिळते ते भुंतर. पुढे कसोल, आणि कसोलपासून चार-पाच किलोमीटरवर मणिकरण. गुरुद्वाऱ्यात राहायची सोय आहे, लंगर आहे. झऱ्यांचं पाणी इतकं कढत की लंगरचे तांदूळ-डाळ त्यावरच शिजतात. लोक तांदळाची पुरचुंडी दोरीने सोडतात आणि भात घेऊन येतात. अंघोळीची कुंडं वेगळी, त्यात थंड पाणी मिसळलेलं असतं. अप्पांच्या मनात आहे ना, मग न्या. म्हाताऱ्या माणसाची इच्छा मोडू नये.

एवढ्या लांब जातच आहात तर खीरगंगा सोडू नका. बरशैणीपर्यंत गाडी जाते, पुढे दहा-बारा किलोमीटरची चढण, आणि वर जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवर उघड्यावर गरम पाण्याचं कुंड. समोर बर्फाचे डोंगर.

पश्चिमवारा:
ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना तुम्ही दहा किलोमीटर चढायला सांगताय. तेही जानेवारीत.

देवभूमी_भटका:
खीरगंगा मी बरोबरच्या मंडळींसाठी लिहिलं आहे.

विजापूरवेस:
खीरगंगा कुणी विचारली नव्हती. अप्पा ७१. सपाटीवर हळूहळू चालतात, जिना नाही. आम्ही पाच जण: अप्पा, आई, मामा, मी, बायको. मामांची मोठी गाडी आहे, कोकणला जायचं तर तीच नेऊ. आता सांगा.

गुडघेदुखी_तज्ञ_नव्हे:
आमच्या काकांचे गुडघे वज्रेश्वरीच्या पाण्याने सुटले, डोळ्यांनी पाहिलंय. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसा, पहाटे कल्याणला उतरा, तिथून रिक्षा-गाडीने भिवंडीमार्गे वज्रेश्वरी. घाट नाही, चढ नाही. अकलोलीची कुंडं तानसा नदीच्या काठावर, गणेशपुरी जवळच. पाण्यात गंधक आहे, गंधकामुळेच ते तापतं आणि गंधकच हाडात मुरतं.

फिजिओ_पुणे:
विजापूरवेस, एकच विचारते. अप्पांना मधुमेह आहे का? असला तर किती वर्षांपासून?

विजापूरवेस:
हो, शुगर आहे, बरीच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, मध्यंतरी इन्सुलिनही सुरू केलंय. पण आता त्रास गुडघ्यांचा आहे, शुगर ताब्यात आहे.

फिजिओ_पुणे:
मग गुडघ्यांच्या आधी तळपाय बघा. फार वर्षं मधुमेह असला की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. माणसाला ते कळत नाही, कारण दुखायचंच थांबलेलं असतं. असा माणूस ४५-५० अंशांच्या पाण्यात पाय सोडून निवांत बसतो, "छान वाटतंय" म्हणतो, आणि रात्री खोलीवर मोजे काढताना फोड दिसतात. मधुमेह्याच्या तळव्यावरची जखम महिनोन् महिने भरत नाही. काहींचं बोट, काहींचा पाय काढावा लागतो. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही, असे रुग्ण मी रोज हाताळते.

दुसरं, इन्सुलिन घेऊन लगेच गरम पाण्यात बसलं की त्वचेचा रक्तपुरवठा वाढतो, इन्सुलिन भरभर शोषलं जातं आणि साखर एकदम खाली येते. तिसरं, रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे रक्तदाब उतरतो. कुंडातून उठताना चक्कर येऊन पडणारे बहुतेक याच वयाचे असतात.

गुण येतो का, तर गुडघ्यांच्या झिजेत कोमट खनिज पाण्याने दुखणं आणि आखडलेपणा काही काळ कमी होतो. झिजलेली कूर्चा परत येत नाही. पाणी ३८ ते ४० अंश, वेळ १०-१५ मिनिटं, बरोबर कुणीतरी हवंच. निघण्याआधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा बारीक दोरा टेकवून किंवा कंपन होणारा चिमटा लावून बघतात. पाच मिनिटांचं काम आहे. तिकिटाच्या आधी ते करा.

गुडघेदुखी_तज्ञ_नव्हे:
मॅडम, एवढे लोक पिढ्यानपिढ्या कुंडात बसतात, सगळ्यांचे पाय भाजतात का? पाण्यात गुण आहे म्हणूनच देवळं बांधली ना तिथे.

फिजिओ_पुणे:
पिढ्यानपिढ्या बसणाऱ्यांत इन्सुलिनवरचे ७१ वर्षांचे किती होते? गुण नाही असं मी म्हटलेलंच नाही. या माणसासाठी किती गरम, ते सांगतेय.

कातळफोड्या:
गंधकामुळे पाणी तापतं हे सगळीकडे सांगतात, पण तसं नाही. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खोल उतरतं. दर किलोमीटरला तापमान साधारण २५-३० अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून झपाट्याने वर आलं की गरम झरा होतो. वर येताना खडकातली खनिजं विरघळतात, गंधकाचा वास त्यातलाच. कोकणात ज्वालामुखी धुमसतोय हेही खोटं. आपला काळा खडक लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली. सह्याद्रीच्या पायथ्याशी किनाऱ्याला समांतर भेगांची रांग आहे, आणि पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत गरम झरे तिच्याच आधाराने ओळीत येतात. वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडकडचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी, शेवटी राजापूरचं उन्हाळे.

यांतलं प्रत्येक पाणी वेगळ्या तापमानाचं आहे, आणि अप्पांसाठी महत्त्वाचं तेच. उन्हवऱ्याचं सत्तरीच्या घरातलं. तुरळचं साठीच्या आसपास. आरवलीचं त्या मानाने बरंच सौम्य, चाळिशीच्या आसपास. मणिकरणचं तर जवळपास उकळतं. तिथे उंचीमुळे पाणी ९४-९५ अंशांनाच उकळतं आणि झऱ्यांचं तापमान त्याच्या जवळ जातं.

सांगोला_डाळिंब:
शेतीचा प्रश्न सगळे विसरले. मामांची बाग कशाची आणि बहार, म्हणजे फळ धरायचा हंगाम, कुठला? डाळिंब असेल आणि आंबे बहार धरणार असतील तर जानेवारीत पानगळ करून पहिलं पाणी सोडायची वेळ असते. तेव्हा मालक बांधावरून हलला की बहार गेलाच समजा.

विजापूरवेस:
डाळिंबच आहे. मृग बहार, माल जानेवारीत उतरून जातो. मामा मोकळे आहेत. त्यांना सफरचंद बघायचंय. आपल्या हवेत येणारं सफरचंद कुठल्यातरी मराठी शेतकऱ्याने लावलंय असं त्यांनी मोबाईलवर बघितलं.

सांगोला_डाळिंब:
मग मामांना सांगा, जानेवारी-फेब्रुवारीत कुल्लूत, म्हणजे मणिकरणच्याच जिल्ह्यात, सफरचंदाच्या झाडावर पानसुद्धा नसतं. झाडं झोपलेली, छाटणी चालू. फुलं एप्रिलमध्ये, फळं ऑगस्ट-सप्टेंबरात. नेहमीच्या जातींना सात अंशांखाली हजार-बाराशे तासांची थंडी लागते, ती मिळाली तरच झाड फुलतं. आपल्याकडे जी लावतात ती एचआरएमएन-९९ सारखी कमी थंडीची जात. ती हिमाचलातल्याच बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली. झाड जगतं, फळही धरतं, पण सोलापूरच्या उन्हात त्यावर पैसे लावण्याआधी मामांनी शंभरदा विचार करावा.

खरं बघण्यासारखं वेगळंच आहे. कुल्लूच्या खालच्या भागात, भुंतर-बजौरा पट्ट्यात, आता डाळिंब वाढतंय. थंडी कमी होत चालली, सफरचंद वर सरकलं, आणि खालच्या बागांत डाळिंब आलं. डोंगरउतारांवर रानडाळिंब तर पूर्वीपासून, तिकडे त्याला दाडू म्हणतात, त्याचाच अनारदाणा करतात. बजौऱ्याला परमार उद्यानविद्या विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. मामांनी तेल्या आणि मर हे डाळिंबाचे रोग भोगलेत की नाही? मग गाळाच्या, निचऱ्याच्या जमिनीवर तिथले लोक डाळिंब कसं सांभाळतात, हे त्यांना सफरचंदापेक्षा जास्त उपयोगी पडेल. पण हे सगळं हिरवं असताना बघायचं, म्हणजे मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टात अजिबात नको, २०२३ च्या जुलैत बियासने तिथले रस्तेच्या रस्ते नेले.

देवभूमी_भटका:
मे महिन्यात मनालीच्या रस्त्यावर गाड्या मुंगीसारख्या सरकतात. त्यापेक्षा थंडी परवडली. मनालीजवळ वशिष्ठलाही गरम पाणी आहे, बायका-पुरुषांची कुंडं वेगळी. अप्पांना कोमट पाणी हवं तर तिथे न्या.

पश्चिमवारा:
वशिष्ठ गाव चढावर आहे. अप्पा जिना चढत नाहीत, हे वर लिहिलंय.

देवरुखकर:
मी याच भागातला. राजवाडी-तुरळ-आरवली ही तिन्ही गावं मुंबई-गोवा महामार्गालगत, संगमेश्वरहून चिपळूणकडे जाताना. सोलापूरहून तुम्हाला रत्नागिरीचा नवा रस्ता आहे: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. पुढे मलकापूर, आंबा घाट उतरून साखरपा. साखरप्याला रत्नागिरीचा रस्ता सोडून देवरुखकडे वळा, तिथून संगमेश्वर. गाडी कुंडाच्या जवळपर्यंत जाते. कुंडात उतरायला दगडी पायऱ्या आहेत, शेवाळ असतं. अप्पांनी उतरूच नये. आमच्याकडचे वयस्कर लोक बादलीत पाणी काढतात, थंड पाणी मिसळतात, खुर्चीवर बसून गुडघ्यांवर तांब्याने ओततात. पाणी तेच आहे ना.

शेतीबद्दल: तेव्हा हापूसला मोहोर असतो. भातखाचरांत ओलाव्यावर कुळीथ, पावटा. कातळ फोडून खड्डा करायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं, हे सोलापूरच्या माणसाने बघायलाच हवं. वेळ असेल तर मामांना दापोलीच्या कृषी विद्यापीठात न्या. नीलम आणि हापूसच्या संकरातला रत्ना आंबा त्याच विद्यापीठाचा.

कडकभाकरी:
+१. आणि जाताना शेंगाचटणी, कडक भाकरी बरोबर घ्या, शुगरवाल्याला प्रवासात वेळेवर खायला लागतं. कोकणात सगळीकडे भातच मिळेल.

गुडघेदुखी_तज्ञ_नव्हे:
बादलीतलं पाणी ओतून काही होत नाही. सबंध अंग बुडायला पाहिजे. नाहीतर घरीच गिझर लावा.

फिजिओ_पुणे:
घरी कोमट पाण्याने शेकलं तरी चालेल, हे माझं प्रामाणिक मत. आणि खुर्चीत बसून पाय सरळ करून मांडी आवळायची, दहा मोजून सोडायची, हा व्यायाम सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू तयार झाले की गुडघ्यावरचा भार उतरतो. तरीही अप्पांना न्या. चार दिवस माणसांत, डोंगरात, कुणीतरी आपल्यासाठी निघालंय या भावनेत गेले की दुखणं सोसायला बळ येतं.

विजापूरवेस:
डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही तळव्यांना दोरा टेकवलेला अप्पांना कळला नाही. कुंडात पाय सोडायचे नाहीत असं त्यांनी अप्पांच्या तोंडावर सांगितलं, माझं ऐकलं नसतं. मणिकरण रद्द. अप्पा दोन दिवस बोलले नाहीत, पण आरवलीला तयार झाले. मामा सप्टेंबरात कुल्लूला स्वतंत्र जातील, सांगोल्याचे भाऊ, तेव्हा तुम्हाला विचारतील.

आता एकच सांगा. अप्पांना खाली बसता येत नाही, कमोड लागतो. मुक्काम देवरुखला करू की संगमेश्वरला?

देवरुखकर:
देवरुख. तालुक्याचं गाव आहे, दवाखाने आहेत, औषधांची दुकानं आहेत. खोली तळमजल्यावरची मागा आणि फोनवर कमोडचं दोनदा विचारून घ्या, "आहे" म्हणतात आणि तो वरच्या मजल्यावर निघतो. सोलापूरहून पहाटे पाचला निघा म्हणजे आंबा घाट उजेडात उतराल. कुंडावर सकाळी आठच्या आत पोहोचा, नंतर सहलीच्या गाड्या येतात. बादली, तांब्या आणि प्लास्टिकची खुर्ची घरूनच आणा.

फिजिओ_पुणे:
आणि पाण्यात आधी तुमचं कोपर घाला, अप्पांचा पाय नाही. अंघोळीनंतर तळवे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून रोज नीट बघा. अनवाणी चालू देऊ नका, देवळातही मोजे असू देत.

सांगोला_डाळिंब:
मामांना म्हणावं, सप्टेंबरात जाण्याआधी एकदा सोलापूरच्या केगावला डाळिंब संशोधन केंद्रात चक्कर टाका. तिथल्या शास्त्रज्ञांना बजौऱ्याचं विचारलं तर कुणाला भेटायचं ते कळेल.