प्रतिसाद: लवकर उडतं म्हणून वास जास्त?

वर एकांनी लिहिलंय की पदार्थ जितका लवकर उडतो तितका त्याचा वास उग्र. अर्धंच खरं आहे, भाऊ. अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायचं द्रव) 56 अंशांवर उकळतं, जिओस्मिनला (ओल्या मातीला वास देणारा पदार्थ) सुमारे 270 लागतात. तरी आमच्या यवतमाळकडे मृगाचा शिडकावा कपाशीच्या काळ्या रानावर पडला की बांधावरच्या माणसाला जिओस्मिन लगेच कळतं, हवेत अब्जात एक भागही नसताना! बाष्पदाबावरून, म्हणजे पदार्थाच्या उडण्याच्या जोरावरून, हवेत किती येईल एवढंच समजतं. पुढे नाकातला ओलावा ओलांडायचा, मग वास ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटायचं. जिओस्मिनच्याच रेणूची आरशातली प्रतिमा घ्या: उत्कलनबिंदू तोच, बाष्पदाब तोच, वास मात्र सुमारे दहापट फिका. हे कोणत्या सूत्रात बसवणार? हां, एकाच कुळातल्या अल्कोहोलांपुरतं उडण्याचं नि वासाचं गणित बरं जुळतं, पण उलटं; कार्बनची साखळी लांबली की उडणं कमी होतं, तरी बरंच कमी प्रमाणही नाकाला पुरतं.