पाषाण तलावाचा एक काठ माणसांना कायमचा बंद ठेवावा

चिखलवाट

सरळ मुद्द्यावर येतो. पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठचं जैवविविधता उद्यान हे बाग म्हणून चालवणं थांबवावं. बांधाची बाजू फिरायला ठेवा, बाकडी टाका, हवं ते करा. पण रामनदी तलावात शिरते ती वरची, उथळ, चिखलाची बाजू वर्षभर बंद. पायवाट नको, दिवे नकोत, सेल्फी पॉइंट तर नकोच नको.

कारण पक्ष्यांच्या खाण्यात आहे. थापट्या बदकाची चोच पुढे पसरट असते. ती पाण्याच्या वरच्या थरात घालून तो संथपणे गोल गोल फिरतो आणि पाणी गाळत बिया-किडे खातो. तुतवार तर पोहण्याच्या फंदातच पडत नाही, ओल्या चिखलाच्या कडेकडेने शेपूट हलवत टिपत जातो. दोघांनाही हवं असतं ते उथळ पाणी आणि उतरता काठ. आणि ‘सुशोभीकरण’ निघालं की आपण पहिलं तेच मोडतो. गाळ उपसा, काठ सरळ करा, त्यावर दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, पिचिंगवर पेव्हर ब्लॉक. बशीचा वाडगा केला की पाणी जास्त मावतं, पण कडेला चरणाऱ्याचं ताट गेलं. पूर्वी थंडीत इथे बदकं किती उतरायची, हे पुण्यातल्या कुठल्याही जुन्या पक्षीनिरीक्षकाला विचारा.

गर्दीला मर्यादा घालता येत नाही असं कुणी म्हणू नये. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोजची संख्या ठरलेली असते, आगाऊ नोंदणी होते, पैसे पडतात. लोक कुरकुरतात आणि जातात. इथे तर मी कुणाला येऊ नका म्हणतच नाही. फक्त तलावाला पूर्ण वळसा घालायची हौस सोडा.

रोजचा_फेरीवाला

हौस म्हणे! साहेब, माझं वय एकाहत्तर. दोन्ही गुडघे कुरकुरतात. आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे, पण त्यावर दुचाक्या, डीपी आणि वडापावची गाडी यांचा आधीपासून कब्जा आहे. डॉक्टर म्हणतात चाला. चालू कुठे? हायवेवर?

तुम्ही लिहिलंय असं, की जणू सगळं बिघडलं ते आमच्या चालण्याने. आम्ही सकाळी जातो, मुकाट फेऱ्या मारतो, येतो. गप्पा मारतो हे खरं, पण बदकं आमच्या पेन्शनच्या गप्पांना घाबरून सैबेरियाला परत गेली असं काही मला वाटत नाही.

दुसरं, हा तलाव काही देवाने दिलेला नाही. इंग्रजांच्या काळात रामनदीला बांध घालून केला, पाणी गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याकडे जायचं, जिथे आता विद्यापीठ आहे. म्हणजे माणसाने माणसासाठी बांधलेली वस्तू. तिथून माणसालाच बाहेर काढणं हा कुठला न्याय?

आणि सर्वांत महत्त्वाचं. ज्या जागेकडे कुणी फिरकत नाही, तिथे रातोरात राडारोडा पडतो. डंपर आला तर ओरडायला आम्ही फिरणारेच असतो. तुमचा तुतवार फोन लावणार आहे का वॉर्ड ऑफिसला?

पवईकर

‘माणसाने बांधला म्हणून हवं ते करा’ हा युक्तिवाद आमच्याकडे होऊन गेलाय, काका. मुंबईतला पवई तलावही इंग्रजांनीच 1891 च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. पुढे ते पाणी पिण्यालायक राहिलं नाही. महापालिकेने काठाने सायकल ट्रॅक काढला, काम सुरूही झालं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि मे 2022 मध्ये न्यायालयाने ट्रॅक बेकायदा ठरवून बांधकाम काढा, जागा पूर्ववत करा असा आदेश दिला. पाणथळ जागांच्या नियमांत काठालगत पक्कं बांधकाम बसत नाही, मग ते सायकलसाठी असो की आणखी कशासाठी.

मी स्वतः सायकल चालवतो, तेव्हा वाईट वाटलं होतं. पण त्याच काठावर मगरी ऊन खात पडतात. मगरीच्या अंगणातून दहा किलोमीटरचा ट्रॅक, यातली गंमत मलाही कळली.

निफाडचा_भाऊ

काकांच्या बांधलेल्या तळ्याच्या मुद्द्याला आमच्याकडचं उत्तर ऐका. आमचं नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य म्हणजे तरी काय? गोदावरी-कादवा संगमाजवळ शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला बंधारा. गाळ साचला, बेटं झाली, लव्हाळा माजला, पक्षी आले. 2020 ला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. गाळानेच झालं हे ध्यानात घ्या. कुणी उपसून ‘सुंदर’ केलं असतं तर आज तिथं बोटिंग असतं.

पण चिखलवाट, तुमचंही एक पटत नाही. आमच्याकडं माणूस बंद नाही. कडेच्या गावातली पोरं गाईड म्हणून फिरतात, मनोऱ्यावर नेतात, दुर्बीण लावून देतात. शेतं पार पाण्यापर्यंत आहेत. माणूस असण्याने पक्षी जात नाही, माणूस कसा असतो त्याने जातो. पंप चालू करायला निघालेल्या माणसाला पक्षी ओळखतो. ड्रोन उडवणाऱ्याला पण ओळखतो.

अविवाहित_पुणेकर

काही वर्षांपूर्वी याच उद्यानाबाहेर ‘जोडप्यांना प्रवेश नाही’ असा फलक लागला होता, आठवतंय का? गदारोळ झाला आणि काढावा लागला. आता पक्ष्यांच्या नावाने पुन्हा तेच. आधी संस्कृती, आता संवर्धन, आणि गेटबाहेर मात्र आम्हीच!

चिखलवाट

@अविवाहित_पुणेकर, जोडप्यांनी बांधावर खुशाल बसावं. बसलेलं जोडपं हा पक्ष्यांना सगळ्यांत कमी त्रास देणारा प्राणी आहे. हलत नाही, ओरडत नाही, त्याचं लक्षही भलतीकडे असतं. मला भीती आहे ती गवतात घुसून तीन फुटांवरून फोटो काढणाऱ्यांची, आणि त्यात हातात दीड लाखाची लेन्स घेतलेले आमचेच भाऊबंद जास्त.

@निफाडचा_भाऊ, तुमच्याकडे अंतर आहे. पाणी इतकं पसरलंय की एका काठावर माणूस आला तर पक्षी दुसऱ्या काठाला जाऊन बसतो. पाषाणला जाणार कुठे? एका बाजूला सुतारवाडी, जवळून बायपास, चहूकडे टॉवर. जागा लहान म्हणून तर एक काठ राखून मागतोय.

बावधनकरीण

दिवे नकोत असं एका ओळीत लिहून टाकलंत. नोकरी करणाऱ्या बाईला फिरायला वेळ कधी मिळतो, माहितीये? पहाटे अंधारात, नाहीतर संध्याकाळी साडेसातनंतर. अंधाऱ्या बांधावर मी एकटी जात नाही, माझ्या मुलीला तर अजिबात पाठवणार नाही. म्हणजे तुमच्या प्रस्तावात बांध ‘सगळ्यांना’ खुला, पण प्रत्यक्षात पुरुषांना आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्यांना.

रातबगळ्याला अंधार लागतो, मान्य. मला उजेड लागतो. गुडघ्याच्या उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळट दिवे मिळतात. पाण्याकडे झोत जात नाही. ते लावा की. पण पर्यावरणवाल्यांच्या यादीत आमची सुरक्षितता नेहमी ‘ते बघू नंतर’ या रकान्यात असते.

ड्रेनेजवाला

नोकरीची बरीच वर्षं सांडपाण्याच्या कामात गेली, म्हणून राहवत नाही. काठ कुणाचा यावर भांडताय आणि पाण्यात काय येतंय यावर अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही.

रामनदी भुकूमच्या बाजूने निघते, भूगाव, बावधन करत पाषाणला येते. या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत किती इमारती उभ्या राहिल्या ते सगळ्यांना दिसतंच. सगळ्यांचं मैलापाणी काही शुद्धीकरण केंद्रात पोचत नाही. ज्याची लाइन जोडलेली नाही, त्याचा उतार नाल्याकडे. नाला नदीत, नदी तलावात. तलावात पाण्याचा वेग मंदावतो, सगळं तिथे बसतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते. ती मुळात दक्षिण अमेरिकेतली, पण आपल्या घाणीवर अशी पोसली जाते की अनुकूल हवेत पंधरवड्यात दुप्पट. तिच्याखाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे वर येऊन तोंड उघडत राहतात. मग जलपर्णी काढायचं टेंडर निघतं. काढतात, काठावरच ढीग करतात, तो तिथेच कुजतो, आणि पहिल्या पावसात त्याचा रस परत तलावात. पुढच्या वर्षी पुन्हा टेंडर.

हे असंच चालू असताना तुम्ही वरचा काठ बंद करा, उघडा ठेवा, काही फरक पडत नाही. आधी बावधन-भूगावच्या जोडण्या. नंतर बदक.

आणि हे पाणी इथे थांबत नाही. रामनदी मुळेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनी धरणात. उजनीचा फुगवटा म्हणजेच भिगवण. तिथे आपण पहाटे उठून फ्लेमिंगो बघायला जातो. घरून निघालेलं पाणीच आपल्या आधी पोचलेलं असतं.

रोजचा_फेरीवाला

वा! हेच म्हणत होतो मी. दोषी नळ, शिक्षा फिरणाऱ्यांना.

पाणकोंबडी

ड्रेनेजवाल्यांचं मूळ निदान बरोबर. ‘नंतर बदक’ हे मात्र चूक, कारण जोडण्या होईपर्यंत बदकांच्या जागेवर जॉगिंग ट्रॅक झालेला असेल. काँक्रीट पडलं की ते उखडायला पवईसारखं न्यायालय लागतं.

जलपर्णीबद्दल थोडं. ती वाईटच, पण कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तिच्यावर संसार करतात. जांभळी पाणकोंबडी एका पायाने देठ धरून, मुठीत घेतल्यासारखा चोचीकडे नेऊन सोलते. दुर्बिणीतून बघा एकदा. कमळपक्ष्याची बोटं इतकी लांब की पानावर वजन पसरतं आणि तो पाण्यावरून चालल्यासारखा दिसतो. तरंगत्या पानांवरच त्याचं घरटं, आणि अंडी उबवतो नर. हे सगळं चालतं पावसाळ्यात. नेमकं त्याच महिन्यांत यंत्र आत घालून सरसकट उपसलं तर घरट्यांसकट सगळं गाडीत. काढायचीच तर पावसाळ्याआधी, पट्ट्या-पट्ट्यांनी, काही भाग सोडून.

बंदीला माझा पाठिंबा आहे, पण बंदी राखायला माणसं लागतील. कासला कुंपण घातलं तेव्हा गुरांची चराई थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि शेवटी कुंपण काढलं. एकदा कुलूप लावलं आणि घरी गेलो, असं होत नाही.

रोजचा_फेरीवाला

म्हणजे तुम्हीसुद्धा मान्य करताय की कुलपाने काही होत नाही.

पाणकोंबडी

काका, कुलपाला माळी लागतो, असं म्हणतेय. मुंबईत माहीम-धारावीला मिठी नदीच्या काठी निसर्ग उद्यान आहे, सुमारे 37 एकर. 1977 पर्यंत तिथे शहराचा कचरा टाकत. झाडं लावली, 1994 ला लोकांसाठी उघडलं. आज तिथे शाळा येतात, फुलपाखरं मोजणारे येतात. पण ती चोवीस तास उघडी बाग नाही. वेळा आहेत, माणसं नेमलेली आहेत.

चिखलवाट

दिव्यांबाबत बावधनकरीण म्हणतात तसे बुटके दिवे बांधावर लावायला हरकत नाही, पण बांधावरच. आणि उद्यान बंद व्हायच्या वेळी तेही बंद. ड्रेनेजवाल्यांशी माझा वाद नाही, वाद क्रमाचा आहे. पाइपलाइनला वर्षं लागतात. पायवाट न करायला शून्य रुपये आणि शून्य दिवस लागतात.

महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी प्रभागातल्या नागरिकांकडून सूचना मागवते. लोक सहसा बाकडी आणि नामफलक मागतात. यंदा आपण तीन ओळी देऊ: नदीच्या तोंडाकडच्या बाजूला कुठलंही बांधकाम नको, जून ते सप्टेंबर जलपर्णीला यंत्र लावू नये, काढलेली जलपर्णी काठावर टाकू नये. राखणदार दोन.

ड्रेनेजवाला

चौथी ओळ घाला: तलावात येणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाण्याची तपासणी, आणि आकडे उद्यानाच्या फाटकावर लावायचे. फिरायला येणाऱ्याला कळू दे आपण कशाशेजारी श्वास घेतोय. तेवढं घातलंत तर सही करतो.

बावधनकरीण

दिवे पाचव्या ओळीत. नुसतं ‘हरकत नाही’ नको, मागणी म्हणून लिहा. आणि बंद व्हायची वेळ रात्री नऊ, सात नाही.

चिखलवाट

आठ?

बावधनकरीण

नऊ.

रोजचा_फेरीवाला

मी सही करणार नाही. आकडे लावा, दिवे लावा, जलपर्णी उचला, या सगळ्याला माझा पाठिंबा. पण पहिली ओळ काढत नाही तोवर नाही. आज नदीचं तोंड, उद्या बांध, परवा ‘फक्त अभ्यासकांसाठी’. हे असंच होतं, मी या शहरात जन्म काढलाय. आणि त्या दोन राखणदारांचं म्हणाल, तर एक जण सकाळी सहाला हजर असेल तर मला कळवा. त्या वेळेला तिथे आमच्याशिवाय कुणीच नसतं.