मदत हवी आहे: पैठणीच्या नक्षीची सही-पट्टी करतेय, लहान केली की मोर पुसट होतो आणि अक्षरं तुटतात

नमस्कार मंडळी,

माझ्या प्रत्येक लेखाखाली जाईल अशी सहीची छोटी पट्टी करायची आहे. रुंदी ५०० पिक्सेलच्या आत, उंची १५० च्या आत आणि फाइल १०० केबीच्या आत बसली पाहिजे. मी मूळची पैठणची, नोकरीमुळं लातूरला असते. त्यामुळं पट्टीवर काय हवं ते पक्कं आहे: डावीकडं बांगडी मोर (बांगडीच्या गोलातला मोर), वरच्या कडेला नारळी काठ (दातेरी नक्षीचा) आणि उरलेल्या जागेत सोनेरी अक्षरांत 'प्रतिष्ठानच्या वाऱ्यावर'. सातवाहनांच्या राजधानीचं जुनं नाव यात आलंच पाहिजे असं मनात आहे, म्हणून शब्द बदलायचा सल्ला कृपया देऊ नका.

तयार क्लिपार्टमधला मोर नको. तोच मोर लग्नपत्रिकेवर, तोच साडीच्या दुकानाच्या पाटीवर. आईची जांभळी पैठणी घरात आहे. तिचा पदर स्कॅनरच्या काचेवर सपाट अंथरून ६०० डीपीआयवर स्कॅन केला. मूळ स्कॅन फार देखणा आलाय, जरीचा एकेक धागा मोजता येतो.

अडचण पुढं सुरू होते. गिंप या चित्रांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो मोर कापून ८०-९० पिक्सेलवर आणला की चोच, डोळा, पिसाऱ्यातले ठिपके सगळे एकमेकांत मिसळतात. जरीच्या भागावर तर मुळात नसलेल्या तिरक्या लाटा उमटतात. चित्र लहान करायच्या पद्धतींपैकी क्युबिक लावून पाहिलं, नोहॅलो लावून पाहिलं, आधी थोडा गॉसियन ब्लर देऊनही पाहिलं. लाटा कमी होतात, पण मोर आणखी पुसट होतो. शार्पन केलं की कडांना पांढरी रेघ येते.

दुसरी अडचण अक्षरांची. ओळखीतल्या एका डीटीपी सेंटरवर फोटोशॉपमध्ये तीच ओळ टाकून पाहिली. 'ति'ची वेलांटी त च्या पुढं जाऊन बसली, 'ष्ठ' फुटून ष, हलन्त आणि ठ असे सुटे झाले, 'वाऱ्या'तला अर्धा र तर ओळखूही येईना. आपल्या गावाचं नाव असं मोडकं दिसलं की जीव तुटतो. घरच्या गिंपमध्ये जोडाक्षरं नीट येतात, पण 'ऱ्या' तिथंही रफार होऊन 'वार्या' असा येतोय.

नक्षी लहान आकारात खणखणीत कशी ठेवायची आणि अक्षरांचं काय करायचं, सांगाल का? घाई नाही, पण काम मनासारखं व्हायला हवं.

प्रतिसाद, नांदेडहून

ताई, अक्षरांचं मी सांगतो. छपाईच्या धंद्यात हे दुखणं रोजचं आहे.

फोटोशॉपमध्ये फॉन्ट बिघडलेला नसतो. देवनागरीची जुळणी करणारं इंजिन बंद असतं. प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडायचं, काही आवृत्त्यांत त्यालाच 'वर्ल्ड-रेडी लेआउट' म्हणतात. मग मजकुराची ओळ निवडून पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या यादीतून वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायचा. वेलांटी आपोआप जागेवर येते. पण फॉन्ट युनिकोडच हवा. आपल्याकडं अजून बऱ्याच सेंटरवर युनिकोड नसलेल्या जुन्या सांकेतिक फॉन्टांतच काम चालतं, तिथं युनिकोडमधली ओळ आणून चिकटवली की कचराच दिसणार.

तुमच्याकडं गिंप आहे तर त्यातच करा. गिंपमधली अक्षरजुळणी पँगो आणि हार्फबझ ही त्याच्या आतली इंजिनं करतात, देवनागरीसाठी वेगळं काही चालू करावं लागत नाही. 'ऱ्या'साठी साधा र घेऊ नका, खाली ठिपका असलेला ऱ घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट दाबून जे, मग हलन्ताचा डी, मग य आणि काना. मराठीत 'वाऱ्यावर' असंच दिसलं पाहिजे, त्यात तडजोड नको.

टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषाही मराठी करून ठेवा. आज तुमच्या ओळीत ल किंवा श नाही, पण उद्या खाली गावाचं नाव म्हणून लातूर घातलं तर काही फॉन्ट हिंदी वळणाचा ल देतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्याचं वळण आपलं आहे. अक्षरांची उंची तीसेक पिक्सेलच्या खाली नेऊ नका, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात. सोनेरी रंगाला खाली काळी सावली देऊ नका, एवढ्या लहान आकारात ती मळासारखी दिसते.

मोराचं मात्र मला विचारू नका, ते जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

ताई, मी काही काळ हातमागावर बसलेली आहे, म्हणून सांगते. स्कॅन लहान करायचा नाद सोडा. मोर नव्यानं काढा, एक पिक्सेल म्हणजे एक धागा धरून.

कारण असं आहे. पदरातला मोर कुणी रेघ ओढून काढत नाही. उभे धागे मोजायचे, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घ्यायची, जितक्या धाग्यांवर तो रंग हवा तितक्यातूनच ती फिरवायची आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणायची. म्हणूनच हाताच्या पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते, मागं लोंबणारे धागे नसतात. म्हणजे मोराची मान मुळातच पायऱ्यापायऱ्यांची असते. तुमच्या स्कॅनमध्ये त्या एकेका धाग्यासाठी कितीतरी पिक्सेल आहेत. लहान करताना सॉफ्टवेअर शेजारच्या धाग्यांची सरासरी काढतं, म्हणून जांभळा आणि जर मिसळून मातकट रंग होतो. आणि धाग्यांचं अंतर पिक्सेलच्या अंतराशी जुळत नाही म्हणून त्या लाटा येतात. कुठलंही फिल्टर ते पुरतं बरं करणार नाही.

१६० बाय ४० पिक्सेलचा नवा कागद घ्या. व्ह्यूमधून ग्रिड दाखवा, इमेज मेनूतल्या कॉन्फिगर ग्रिडमध्ये अंतर १ पिक्सेल करा. ब्रश नाही, पेन्सिल घ्यायची. ब्रश कडा मऊ करतो, पेन्सिल करत नाही. स्कॅन शेजारच्या खिडकीत मोठा करून ठेवा आणि त्यात बघत बघत भरा.

नारळीपासून सुरुवात करा, हात बसतो. एक दात ८ पिक्सेल रुंद: खाली ८, त्यावर ६, मग ४, मग २. एक दात झाला की तेवढाच चौकोन कॉपी करा. कॉपी केलेला तुकडा पॅटर्नच्या यादीत आपोआप पहिला येतो, बकेट फिलनं तोच पॅटर्न भरला की १६० मध्ये बरोबर २० दात बसतात, टोकाला अर्धा दात उरत नाही.

मोराला बांगडीसकट २८ बाय २८ ची जागा द्या. सगळं दाखवायच्या मागं लागू नका. डोळ्याला एकच पिक्सेल पुरतो. मानेचा बाक आणि पिसाऱ्याचा उतार साधला की मोर झाला. जरीला सपाट पिवळा भरू नका, दोन जवळच्या सोनेरी छटा एकाआड एक टाका, चमक तिथून येते. रंग स्कॅनमधूनच पिकरनं उचला, आईच्या साडीचा जांभळा तुम्हाला दुसरीकडं कुठंच मिळणार नाही.

मग स्केल इमेजमध्ये इंटरपोलेशन 'नन' ठेवून (म्हणजे मधले रंग मिसळत नाहीत) तिप्पट करा. ४८० बाय १२० होईल. अक्षरं त्यानंतर घाला, आधी नाही, नाहीतर तीही पायऱ्यांची होतील.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. दादा, शिफ्ट-जेनं 'वाऱ्या' एकदम नीट आला. ताई, नारळी काठ भरून झाला आणि खरंच विणल्यासारखा दिसतोय! मोराची मान चालू आहे.

एक शंका उरली. दातांच्या वरची जागा पारदर्शक ठेवायची आहे, म्हणजे काठ मोकळा दिसेल. पण काही लोक काळ्या पार्श्वभूमीवर वाचतात. तिथं पांढरी किनार दिसेल का? आणि साठवताना जेपीजी की पीएनजी?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

किनार दिसणार नाही. ती अर्धपारदर्शक कडांमुळं येते आणि तुमचे दात पेन्सिलनं काढलेले आहेत, तिथं पिक्सेल एकतर पूर्ण आहे किंवा नाही. फक्त लेयरला अल्फा चॅनल (पारदर्शकतेची नोंद) जोडा, खालचा पांढरा बॅकग्राउंड लेयर काढून टाका आणि फ्लॅटन, म्हणजे सगळे लेयर एकत्र, करू नका. अक्षरं जांभळ्या भरीव भागावरच ठेवा.

पीएनजीच घ्या. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही आणि सोनेरी-जांभळ्याच्या सीमेवर डाग पडतात. रंग मोजकेच आणि सपाट असल्यामुळं फाइल १०० केबीच्या खूप आत बसेल. तरी कमी करायची असेल तर मोडमधून इंडेक्स्ड (मोजक्या रंगांची) करा, ३२ रंग, डिदरिंग (ठिपक्यांनी रंग मिसळणं) बंद. पण त्याआधी गिंपची मूळ एक्ससीएफ फाइल वेगळी ठेवा आणि १६० बाय ४० वाली लहान फाइलही. उद्या काठ बदलून मुनिया (पोपटांची नक्षी) घालावीशी वाटली तर त्याच कागदावर बसता येईल.

मान झाली की पट्टी इथं लावा, पिसाऱ्याचं तेव्हा बघू.