जिओपॉलिमर पेव्हर: २८ दिवसांनंतरही १७ एमपीए, कुठं चुकतंय?

पेव्हर_जालना
नमस्कार मंडळी. परळीच्या औष्णिक केंद्राची राख घेऊन बिनसिमेंटच्या, म्हणजे जिओपॉलिमर पेव्हर ब्लॉकची चाचणी चालू आहे, एम-३० (२८ दिवसांना ३० एमपीए दाबताकद) गाठायचंय. घनमीटरला राख ३२० किलो, इथल्याच इंडक्शन भट्टीचा दळलेला स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) ८०, सोडियम सिलिकेट ११४, कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइड) १२ मोलर तीव्रतेचं द्रावण ४६, खडी आणि क्रश सँड मिळून १८४० किलो. द्रावणाला १ लिटर पाण्यात ४८० ग्रॅम फ्लेक्स टाकतो. दुसऱ्या दिवशी साचे उघडले तर कडा हातानं तुटत होत्या, तरी चाचणीचे क्यूब पाण्याच्या हौदात टाकले. ७ दिवसांना १४, २८ दिवसांना १७ एमपीए. हौदाचं पाणी बुळबुळीत झालं आणि क्यूब वाळले की पांढरे पडतात. रात्री पारा १२ पर्यंत उतरतोय. सिलिकेट वाढवू का?

राख_ते_ब्लॉक
सिलिकेटला हात लावू नका भाऊ. पहिली चूक हौदाची आहे. सिमेंटला पाणी लागतं कारण त्याची क्रियाच पाण्याशी होते. इथं राखेतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना अल्कलीत, म्हणजे कॉस्टिक-सिलिकेटच्या द्रावणात विरघळून नवी साखळी बांधतात, पाणी फक्त वाहक असतं. कच्चा ब्लॉक पाण्यात गेला की सोडा बाहेर निघून जातो. हौद बुळबुळीत झाला तो त्यानंच. ब्लॉकच्या अंगावर जो सोडा येतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सोडियम कार्बोनेट होतो, तेच पांढरं.

दुसरं, थंडी. कमी चुन्याची राख १२ अंशाला जवळपास झोपलेली असते. तिला ६० अंश उष्णता २४ तास द्या. ओतल्यावर एक दिवस साच्यातच प्लास्टिकच्या कागदाखाली ठेवा, मग खोलीत घाला. तापवतानाही गुंडाळलेलंच हवं, नाहीतर आतलं पाणी उडून पृष्ठभागावर केसासारख्या चिरा येतात. खोली बंद केली की लगेच दार उघडू नका, हळूहळू थंड होऊ द्या. पीव्हीसीचे साचे ६० ला वाकतात, त्यासाठी लोखंडी घ्या. अशा ब्लॉकची ताकद ७ दिवसांतच बहुतेक येऊन जाते, पुढं फार वाढत नाही. तेव्हा २८ दिवसांचा आकडा जवळपास तेवढाच आला तर घाबरू नका.

आता द्रावण. ४८० ग्रॅम हे १ लिटर *द्रावणात* लागतात, १ लिटर पाण्यात नव्हे. तुमचं प्रत्यक्षात १० मोलरच्या थोडंसंच वर भरतंय. वजनावर करा: १ किलो द्रावणाला १० मोलरसाठी ३१४ ग्रॅम फ्लेक्स, १२ साठी ३६१, बाकी पाणी. फ्लेक्स पाण्यात टाकायचे, पाणी फ्लेक्सवर कधीच ओतायचं नाही. द्रावण उकळल्यासारखं तापतं, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं बाद, त्यातून हायड्रोजन निघतो. रबरी हातमोजे आणि चष्म्याशिवाय मजुराला जवळ जाऊ देऊ नका. अंगावर उडालं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, डोळ्यात गेलं तर तसंच धुवून थेट डॉक्टरकडे.

स्लॅगवाला_नांदेड
वरचं सगळं बरोबर, पण मुळात स्लॅगच चुकलाय. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळतं. त्या स्लॅगमध्ये सिलिका, लोह, मँगनीज जास्त आणि चुना कमी. शिवाय तो हळूहळू थंड होतो म्हणून स्फटिक बनतो, दळला तरी दगडाच्या भुकटीसारखाच वागतो. आत लोखंडाचे कण राहिले तर पुढं तांबडे डागही पडतील. तुम्हाला हवा तो ब्लास्ट फर्नेसचा, पाण्याच्या फवाऱ्यात झटकन थंड केलेला काचेरी स्लॅग, म्हणजे जीजीबीएस. त्यात चुना ३० ते ४० टक्के असतो आणि तो साध्या हवेतही घट्ट होतो.

राख ३०० अधिक जीजीबीएस १०० करून बघा. मग तापवायची खोली नसली तरी २५-३० अंशाला काम होतं, फक्त ओल धरून ठेवायची: ७ दिवस प्लास्टिक, त्यावर गोणपाट. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र हेच अंगाशी येतं. पारा ४० वर गेला की मिश्रण अर्ध्या तासात आळतं. तेव्हा ८ मोलर वापरा, द्रावण सावलीत ठेवा, ओतकाम सकाळी आठच्या आत उरका. मिश्रण घट्ट वाटलं म्हणून वरून पाणी मारलं की ताकद गेलीच. मिश्रण पातळ करणारी नवी पीसीई (पॉलीकार्बोक्सिलेट) प्लास्टिसायझर इतक्या तीव्र अल्कलीत टिकत नाहीत; नॅफ्थलीनवालं बाइंडरच्या (राख अधिक स्लॅग) १ ते १.५ टक्का चालतं.

सिलिकेटच्या पिंपावरचा ग्रेडही बघा. सिलिका आणि सोडा यांचं प्रमाण २ च्या आसपास हवं. न्यूट्रल ग्रेड ३ च्या वर असतो, त्यात सोडा कमी पडतो.

पेव्हर_जालना
पिंपावर न्यूट्रलच लिहिलंय! साखर कारखान्याची बगॅस राख (उसाच्या चिपाडाची) यात घालता येईल का? आणि परळीची राख तळ्यातली घेतली तर चालेल?

राख_ते_ब्लॉक
तळ्यातली नको. ती जाडसर, ओली आणि कमी क्रियाशील असते. ईएसपीची, म्हणजे धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रातली कोरडी राख मागा. आयएस ३८१२ या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त उरायला नको, जळून जाणारा भाग ५ टक्क्यांच्या आत हवा. बगॅस राखेत सिलिका भरपूर पण अ‍ॅल्युमिना फारच थोडं, आणि न जळालेला कोळसा द्रावण पिऊन टाकतो. ५-१० टक्क्यांवर जाऊ नका, तेही बारीक चाळून.

हौद सोडायला अवघड जाईल, सवय झालेली असते. पण २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या ब्लॉकला पाणी मारायची गरजच नाही त्यासाठी मराठवाड्यात हौद भरणं मला पटत नाही.

स्लॅगवाला_नांदेड
एवढंच की ब्लॉक तपासणीला देताना आयएस १५६५८ प्रमाणे २४ तास पाण्यात ठेवावे लागतात. तेवढं चालतं, पण क्युरिंग पूर्ण झाल्यावर. मार्गदर्शनाला आयएस १७४५२:२०२० घ्या, ते प्रीकास्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतून तयार केलेल्या मालासाठीच आहे. स्लॅबला याच मिश्रणाचा प्रयोग करू नका.

पेव्हर_जालना
उद्या अल्कलाइन ग्रेडचं पिंप आणि जीजीबीएसच्या दोन गोण्या मागवतो. सहा क्यूब ६० अंशाला, सहा प्लास्टिकखाली, हौद बंद. सात दिवसांनी आकडे इथंच टाकतो.