आगाशेंचं परदेशातलं काम

एकाने लिहिलंय की नट डॉ. मोहन आगाशेंचं परदेशातलं काम म्हणजे मीरा नायरचा 'मिसिसिपी मसाला' सिनेमा. अर्धंच झालं ते. 'घाशीराम कोतवाल' नाटकातला त्यांचा नाना फडणवीस १९८० मध्ये युरोपात फिरला, तोही मराठीतच. पण माझ्या मते खरी कमाई बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची, म्हणजे तिथल्या बालनाट्याच्या पद्धतीची. वयाने मोठ्या नटांनी लहान मुलांच्या भूमिका करायच्या. परी-राक्षस नाहीत, पोरांचे रोजचेच प्रश्न. १९८६ पासून ही पद्धत पुण्यात रुजवण्यात आगाशे पुढे होते. (आणि पेशाने माणूस मनोविकारतज्ज्ञ!) आमच्या बेळगावात बालनाट्य म्हणजे अजून गॅदरिंगमधली अफझलखानाची झटापटच. खानापूर-निपाणीकडच्या हौशी मंडळींनी कानडी नटांनाही सोबत घेऊन हा प्रकार करून बघावा की.