धुक्यात विमान खरंच कधी सुटणार, हे आधी कसं ओळखायचं? (नागपूर–दिल्ली–अमृतसर)

वऱ्हाडी_पाहुणा
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा नागपूरहून सकाळी ६.१० च्या विमानाने दिल्लीला आणि तिथून ११.३० च्या विमानाने अमृतसरला जाणार आहेत. दोघंही सत्तरीचे. तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची, एजंटकडून काढलेली. कंपनीच्या ॲपवर शेवटपर्यंत ‘ऑन टाइम’ दिसतं आणि विमानतळावर गेल्यावर उशीर कळतो, असं सगळेच सांगतात. खरी स्थिती कुठे बघायची? आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या तिकिटाचं काय?

धावपट्टी_०९
‘ऑन टाइम’ म्हणजे वेळापत्रकात अजून कुणी बदल टाकलेला नाही, एवढंच. विमान कुठे आहे ते बघा. फ्लाइटरडार२४ (विमानं आत्ता कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारं ॲप) वर फ्लाइट नंबर टाका. काही तास आधी त्यासमोर व्हीटी- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक येतो. त्यावर टिचकी मारली की ते विमान दिवसभर कुठे कुठे गेलं ते दिसतं. ११.३० च्या विमानासाठी हे फार उपयोगी: ते १०.४५ ला अजून दुसऱ्याच शहराहून दिल्लीकडे येत असेल, तर बोर्ड काहीही म्हणो, ते वेळेवर सुटत नाही. उतरल्यावर साफसफाई, इंधन, सामान याला निदान अर्धा-पाऊण तास धरा. ऐनवेळी विमान बदलूही शकतं, म्हणून नंबर पुन्हा तपासा.

६.१० चं गणित वेगळं. पहाटेचं पहिलं विमान बहुधा रात्रीच येऊन उभं असतं, तेव्हा इथे प्रश्न दिल्लीच्या धुक्याचा. दृश्यमानता घसरली की दिल्लीत दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, तासाला कमी विमानं उतरतात, आणि बाकीच्यांना निघण्याच्या विमानतळावरच थांबवून उड्डाणाची वेळ ठरवून देतात. ही वेळ मागेपुढे होते. दरवाजे लावून विमानातच बसवून ठेवतात ते याचसाठी.

पहाटे साडेचारला दिल्लीचा ‘मेटार’ म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल बघा, विमानतळाचा कोड व्हीआयडीपी. दर अर्ध्या तासाला नवा येतो. त्यातली वेळ ‘झेड’मध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी) असते, साडेपाच तास मिळवा: ०१३०झेड म्हणजे आपले सकाळचे ७. ‘एफजी’ म्हणजे धुकं. ‘आर’ने सुरू होणाऱ्या गटात तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे धावपट्टीवरची दृश्यमानता, मीटरमध्ये. कॅट-३बी (दाट धुक्यात उपकरणांच्या मदतीने उतरण्याची) सोय असलेलं विमान आणि तसं प्रशिक्षण घेतलेला पायलट ५० मीटरला उतरू शकतो, पण उड्डाणाला १२५ मीटर लागतात. म्हणून कधीकधी दिल्लीत विमानं उतरत राहतात आणि निघत मात्र नाहीत.

पीएनआर_पाटील
वरचं सगळं बरोबर, पण तुमची खरी अडचण दोन वेगळी तिकिटं ही आहे. एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असती तर जोडविमान चुकल्यावर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची असती. इथे दुसरी कंपनी तुम्हाला ‘नो-शो’, म्हणजे न आलेला प्रवासी धरेल. त्यात दिल्लीला सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा चेक-इन करायचं आणि काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतो. टर्मिनल वेगळं निघालं तर टी१ ते टी३ बसने जावं लागेल. धुक्याच्या दिवसांत दोन विमानांमधला हा वेळ पुरणार नाही. अजून वेळ आहे, दुसरं तिकीट दुपारनंतरच्या विमानावर बदलून घ्या किंवा दोन्ही एकाच पीएनआरवर काढा. बदलायचा खर्च आज कमी आहे.

दुसरं, आजच करा: दोन्ही कंपन्यांच्या ‘मॅनेज बुकिंग’मध्ये जाऊन मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. एजंट बरेचदा स्वतःचा नंबर टाकतात आणि विलंबाचे मेसेज त्याच्याकडे जातात. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमातही लिहिलंय: बुकिंगच्या वेळी पुरेशी संपर्क माहिती दिली नसेल तर रद्द उड्डाणाची भरपाई मागता येत नाही.

वऱ्हाडी_पाहुणा
नंबर खरंच एजंटचा निघाला, बदलला. दुसरं तिकीट पुढे ढकलतोय. नागपूरलाच चार तास लेट झालं तर काय मागायचं? आणि विमान लेट दिसलं तर घरून उशिरा निघालं तर चालेल का?

पीएनआर_पाटील
उशिरा निघू नका. वाढवलेली वेळ पुन्हा अलीकडे येऊ शकते आणि काउंटर बरेचदा मूळ वेळेप्रमाणेच बंद होतो. शिवाय वेळेत चेक-इन केलेल्यालाच सोयी मिळतात.

डीजीसीएच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं. त्याहून मोठ्या, पाच तासांपर्यंतच्या उड्डाणाला ही मर्यादा ३ तास, त्यापुढे ४. नागपूर–दिल्ली पहिल्या गटात. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड प्रवाशाची. हॉटेल २४ तासांपुढे; रात्री ८ ते पहाटे ३ मधल्या विमानाला मात्र सहा तासांपुढेच. धुक्यासाठी रोख भरपाई मिळत नाही, तिच्यावरून काउंटरवर भांडण्यात वेळ जातो. खाण्याचं कुपन मात्र ठामपणे मागा.

सगळ्यात महत्त्वाचं: कंटाळून ॲपवरून स्वतः ‘कॅन्सल’ दाबू नका. तुम्ही रद्द केलं की रद्द करण्याचे पैसे कापतात. कंपनीने रद्द केलं की पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान. जानेवारी २०२४ च्या डीजीसीए सूचनेप्रमाणे तीन तासांहून जास्त उशीर अपेक्षित असेल तर कंपन्या उड्डाण आधीच रद्द करू शकतात, तेव्हा रात्री मेसेज बघत राहा.

धावपट्टी_०९
दोन गोष्टी राहिल्या. सुरक्षा तपासणीनंतर उड्डाण रद्द झालं तर चेक-इन केलेलं सामान आगमनाच्या पट्ट्यावर परत येतं. तिथे न्यायला कंपनीचा माणूस येतो, त्याच्यासोबतच बाहेर पडा. वयामुळे व्हीलचेअर हवी असेल तर ४८ तास आधी पीएनआरवर नोंदवा. गेट बदललं की व्हीलचेअरचा माणूसच नेतो. आणि बोर्डवर उशीर लिहिलेला दिसला की घड्याळासकट फोटो काढा, बोर्डिंग पास जपून ठेवा. तक्रार आधी कंपनीकडे, उत्तर नाही मिळालं तर ‘एअरसेवा’ या सरकारी तक्रार पोर्टलवर. तिथे पीएनआर, तारीख आणि हेच फोटो लागतात.