'का' : चहा का कॉफी?

दादरच्या तिकीट खिडकीवर माझ्या पुढे उभे असलेले काका "कल्याण का" एवढंच म्हणाले आणि शिंकले. आतल्या बाई वैतागल्या. "ते मला काय विचारता? तुम्हीच सांगा ना!" काकांना 'कल्याण का रिटर्न' हवं होतं. त्यांनी म्हटला तो हिंदीतला का, बाईंनी ऐकला तो मराठीतला. मला मात्र मुलुंडपर्यंत पुरेल एवढा खुराक मिळाला.

मराठी आणि हिंदी नात्यातल्या भाषा, पण हे दोन 'का' एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. हिंदीतला षष्ठीचा का संस्कृत 'कृत'पासून आला असं मानतात. आपला का म्हणजे कोण, काय, कुठे, कधी यांच्या घरातला. रिक्षावाला फोनवर "का हो, का हाल बा?" म्हणतो ना, तो भोजपुरी का आपल्या जास्त जवळचा. तिथे त्याचा अर्थ 'काय'. म्हणजे चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

आपल्या काची तऱ्हा अशी की जागा बदलली की अर्थ बदलतो. "का येतोस?" म्हटलं तर माणूस रुसेल, "येतोस का?" म्हटलं तर चपला घालेल. 'असेना का' मध्ये बेफिकिरी. 'एकदा का विरार फास्ट सुटली' मध्ये नुसता जोर. आणि 'चहा का कॉफी?' मध्ये चक्क 'किंवा'. हा शेवटचा का लिहिला की बाई लाल शाईने 'की' करून द्यायच्या, तेव्हा मलाही तो घसरलेला उच्चारच वाटायचा. आता वाटत नाही. ज्ञानेश्वरीत 'कां' हा शब्द 'किंवा' याच अर्थाने वारंवार भेटतो, आणि ती १२९० सालची. (टिंबाचं म्हणाल, तर ते अगदी अलीकडे गेलं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. आजोबांच्या पत्रांत 'कां आला नाहीस?' असंच असायचं आणि त्या टिंबामुळे प्रश्न जरा जास्त टोचायचा.)

हे सगळं मनात घोळत होतं आणि घरी भाची जपानीचा अभ्यास करत बसली होती. जपानीत वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार. 'इकिमास' म्हणजे जाते, 'इकिमास का?' म्हणजे जातेस का. क्रियापद शेवटी, त्याच्यामागे का, थेट आपल्यासारखं. उच्चार तेवढा आखूड. शिवाय 'का' म्हणजे डासही. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या इमारतीत रोज संध्याकाळी विचारण्यासारखं एक वाक्य तिला सापडलं आहे : "का देस का?" हा डास आहे का?

मग तिने वही पुढे केली. 'ओचा का कोही.' चहा किंवा कॉफी. म्हणजे तिथेही प्रश्नाचा का आणि 'किंवा'चा का एकच! इतका वेळ मी आवाजाच्या सारखेपणावर खूश होतो, इथे मात्र अंगावर काटा आला.

नुसता आवाज जुळायला काय लागतं? 'का' हे तोंडाला सगळ्यात सोपं जाणाऱ्या अक्षरांपैकी एक. मेघालयातल्या खासी भाषेत ते स्त्रीलिंगी नामाआधी लागतं. तिथे सूर्य 'का स्ङी', म्हणजे बाई, आणि चंद्र 'उ ब्नाय', म्हणजे बुवा. जुन्या तमिळमध्ये 'का' म्हणजे राई, उपवन. तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैक्का या देवळाच्या नावात शेवटी तोच आहे. प्राचीन इजिप्तमध्ये 'का' म्हणजे माणसातलं चैतन्य, आणि चित्रलिपीत त्याची खूण वर उचललेले दोन हात. यातून नातं शोधायला निघालेले लोक मला भेटले आहेत. त्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

पण एकाच शब्दाने प्रश्न आणि 'किंवा' ही दोन्ही कामं करावीत, हे मला योगायोग वाटत नाही. शेजारच्या मल्याळी काकूंना विचारलं. त्यांच्याकडे 'वरुमो?' म्हणजे येशील का, आणि 'चाययो काप्पियो?' म्हणजे चहा का कॉफी. दोन्हीकडे तोच 'ओ'. आवाज वेगळा, जोडकाम तेच. माझा अंदाज असा : 'येतोस का?' हे मुळात 'येतोस का नाही?' असावं. विचारणारा पर्याय पुढे ठेवतो, एक उच्चारतो, दुसरा गिळतो. आई अजूनही गिळत नाही. "जेवायला येतोस का नाही?" यातला का प्रश्नाचा की 'किंवा'चा, हे तिलाही सांगता येणार नाही.

आणखी एक. 'चहा का कॉफी' आणि 'ओचा का कोही' ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून बघा. 'चहा' आणि 'ओचा'मधला 'चा' दोन्ही मूळ चिनी शब्दाचे. 'कोही' जपानला डचांकडून मिळाली, कॉफी आपल्याला इंग्रजांकडून, पण शब्द एकच. म्हणजे कडेचे दोन शब्द खरोखरच नात्यातले, आणि मधला, अक्षरशः जसाच्या तसा दिसणारा, तोच तेवढा परका.

तुमच्या घरी काय म्हणतात, 'चहा का कॉफी' की 'चहा की कॉफी'? कोकणातल्या आणि खानदेशातल्या मंडळींनी आवर्जून सांगा.